गेमचे व्यसन: प्रश्न तासांचा नाही
सुट्टीत मुलगा चार तास गेम खेळला की ‘व्यसन लागलं’ असे घरात म्हटले जाते. काळजी खरी असते, मोजमाप चुकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ (आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, २०२२ पासून लागू) मध्ये गेमिंग डिसऑर्डरची नोंद आहे. तासांची मर्यादा मात्र नाही. खेळ थांबवता येत नाही, झोप-अभ्यास-नाती मागे पडतात, नुकसान दिसूनही खेळ सुटत नाही आणि हे साधारण १२ महिने चालते, तेव्हा तो विकार. उतारावरच्या सायकलचा वेग नव्हे, ब्रेक लागतो का ते पाहायचे. कुरकुरत का होईना, हाकेसरशी पानावर येऊन बसणाऱ्याचा ब्रेक शाबूत आहे. गेमपायी कॉलेज आणि मित्र सोडलेल्या तरुणाचा मोबाइल हिसकावू नका. त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत यासाठी स्वतंत्र क्लिनिकही आहे.