नौकेवर वायुवेगमापकाची स्थाननिश्चिती
उल्हास नदी व ठाणे खाडी यांच्या संदर्भात

कल्याण, डोंबिवली व ठाणे या शहरांना जोडणाऱ्या जलमार्गाचा समावेश २०१६ च्या अधिनियमान्वये राष्ट्रीय जलमार्गांत झाला. अशा मार्गावर नौका सोडावी की थांबवावी, हा निर्णय वाऱ्याच्या वेगावर अवलंबून असतो. वायुवेगमापक आडोशाला बसविला असेल, तर तो वारा कमी दाखवील आणि प्रवाशांनी भरलेली नौका नको त्या वेळी धक्का सोडील. यास्तव उपकरणाची जागा हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. ती मापनाचाच एक भाग होय.

नौकेचे कवच व चालकाची केबिन यांवर आदळून वारा वर उचलला जातो. केबिनीच्या माथ्यावर काही ठिकाणी त्याचा वेग वाढतो, तर पाठीमागे भोवरे निर्माण होतात. म्हणून उपकरण डोलकाठीच्या टोकावर, सर्व अडथळ्यांच्या वर असणे उत्तम. ते शक्य नसल्यास डोलकाठीपासून आडव्या दांडीवर, काठीच्या जाडीच्या अनेक पट अंतरावर बसवावे. दोन्ही बाजूंस एकेक उपकरण ठेवून वाऱ्याकडील बाजूची नोंद ग्राह्य धरणे अधिक श्रेयस्कर.

तथापि उंचीलाही मर्यादा आहे. नौका ४ सेकंदांच्या आवर्तनाने दोन्ही बाजूंस १० अंशांपर्यंत डोलत असेल, तर ५ मीटर उंचीवरील उपकरण स्वतःच सेकंदास सुमारे १.४ मीटर या कमाल वेगाने झोके घेते. शिवाय या मार्गावर पूल आहेत. त्यांखालून भरतीच्या वेळी जाण्यासाठी डोलकाठी बुडाशी बिजागरी लावून आडवी करता येईल अशी असावी, आणि त्या काळातील नोंदी वगळाव्यात.

वाऱ्याच्या मापनाची प्रमाणित उंची १० मीटर आहे. मोकळ्या पाण्यावर, वातावरण उदासीन स्थितीत असता, ३ मीटर उंचीवरील वेग त्याहून सुमारे ११ टक्के कमी भरतो. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत उपकरणाची पाण्यापासूनची उंची लिहिणे अगत्याचे आहे.

भरती-ओहोटीमुळे आणखी एक दोष संभवतो. समजा, नौका पाण्यातून सेकंदास ३ मीटर वेगाने चालली आहे, ओहोटीचा प्रवाह तिला १ मीटरची साथ देत आहे आणि समोरून ५ मीटर वेगाचा वारा येत आहे. उपकरण ९ मीटर दाखवील. त्यातून पाण्यातील वेग वजा केल्यास उत्तर ६ येते, म्हणजे २० टक्के अधिक. उपग्रहाधारित स्थाननिर्देशकाने मिळणारा, भूमीच्या संदर्भातील ४ मीटर हा वेग वजा केला असताच ५ हे खरे उत्तर मिळते. वारा तिरका असेल, तर ही वजाबाकी दिशेसह, सदिश रीतीने करावी लागते.

एवढी दक्षता घेऊनही मुंब्र्याजवळ पारसिकच्या डोंगराच्या आश्रयाने जाणारी नौका तेथील स्थानिक वाराच मोजील. तो दोष उपकरणाचा नव्हे. म्हणूनच वेगाच्या आकड्याबरोबर स्थळ, वेळ व उंची यांची नोंद नसेल, तर तो आकडा अपुराच राहतो.