दसरा ते दिवाळी : एकोणीस दिवसांचे गणित

उपनगरातील वैद्याचा सणांचा हंगाम दिवाळीला सुरू होत नाही. तो घाटकोपर-मुलुंडच्या जैन रुग्णांच्या पर्युषणापासून सुरू होतो, गणपती, पितृपक्ष, नवरात्र, कोजागरी, दिवाळी असे टप्पे घेत बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीतील नाताळापर्यंत चालतो. या साडेतीन-चार महिन्यांत चिकित्सालयात गर्दी कमी होत नाही, फक्त तिचे स्वरूप बदलते. चिकित्सा अर्धवट सोडणारे रुग्ण, ‘सण झाल्यावर येतो’ म्हणणारे रुग्ण, आणि सण झाल्यावर अम्लपित्त, अजीर्ण, श्वास घेऊन खरोखरच येणारे रुग्ण. औषधालयाच्या चालकांचीही तीच अवस्था असते. उटण्याची मागणी एकाच आठवड्यात येते, कारागीर त्याच आठवड्यात गावी जातात. हा ताण अटळ आहे, असे आपण गृहीत धरले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यातील बराचसा ताण केवळ दिवस न मोजल्यामुळे उत्पन्न होतो.

प्रथम शोधनाचा विचार करू. शरदात पित्ताचा प्रकोप, त्यासाठी तिक्त घृत, विरेचन आणि रक्तमोक्षण, हा उपक्रम विद्यार्थिदशेपासून आपल्याला मुखोद्गत आहे. प्रश्न निदानाचा नाही, तारखांचा आहे. अनेक रुग्ण ‘नवरात्राचे उपवास होऊ द्या, दसऱ्यानंतर विरेचन घेतो’ असे सांगतात आणि आपणही मान डोलावतो. दसऱ्यापासून नरक चतुर्दशीपर्यंत किती दिवस मिळतात? २०२३ साली २४ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, म्हणजे १९ दिवस. २०२४ साली १२ ऑक्टोबर ते ३१ ऑक्टोबर, पुन्हा १९. २०२५ साली २ ऑक्टोबर ते २० ऑक्टोबर, १८ दिवस. अधिक मास येवो वा न येवो, हे अंतर जवळपास स्थिर राहते. कारण ते तिथींनी बांधलेले आहे.

आता क्रम मांडून पाहावा. दीपन-पाचनाला किमान ३ दिवस. स्नेहपान मृदू कोष्ठात ३ दिवस, क्रूर कोष्ठात ७ दिवस. त्यानंतर अभ्यंग-स्वेदनाचे ३ दिवस, एक दिवस प्रत्यक्ष विरेचनाचा, आणि शुद्धीच्या प्रमाणानुसार संसर्जन क्रम ३, ५ किंवा ७ दिवसांचा. क्रूर कोष्ठ आणि प्रवर शुद्धी असेल तर बेरीज २१ होते. मध्यम कोष्ठात, मध्यम शुद्धीत ती १७ भरते. म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकही दिवस वाया न घालविता आरंभ केला, तरी मध्यम प्रतीच्या रुग्णाचे संसर्जन वसुबारस-धनत्रयोदशीच्या उंबरठ्यावर येऊन संपते. आणि त्या दिवशी घरात लाडवांचे डबे भरून ठेवलेले असतात. शोधनानंतरच्या परिहारकाळाचा तर या हिशेबात विचारच केलेला नाही. पेया-विलेपीवरून थेट चकली-शंकरपाळ्यांवर गेलेल्या अग्नीचे काय होते, हे दिवाळीनंतरच्या बाह्यरुग्ण विभागात आपण प्रतिवर्षी पाहतो. त्या वेळी ‘विरेचनाने त्रास झाला’ असे रुग्ण चारचौघांत सांगतो, आणि तो डाग शास्त्रावर पडतो.

तेव्हा दसऱ्यानंतरचा मुहूर्त मृदू कोष्ठाच्या, आज्ञाधारक रुग्णांपुरताच राखून ठेवावा. इतरांसाठी दोन पर्याय उरतात. एक पितृपक्षाचा. या पंधरवड्यात नवे कार्य आरंभू नये या समजुतीमुळे पंचकर्माच्या खोल्या रिकाम्या पडलेल्या असतात, परिचारक हाताशी असतात, रुग्णाला रजाही सहज मिळते. रुग्णाला हे समजावून सांगण्यात मला स्वतःला फारशी अडचण आलेली नाही. चिकित्सा हे मंगलकार्य नव्हे, ती निकडीची बाब आहे, एवढे वाक्य पुरते. श्राद्धाची खीर आणि वडे मात्र टाळावे लागतात. खरी अडचण आहे ती हवामानाची. मुंबईतून नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर मानली जाते. भाद्रपदात पंचांग काहीही म्हणो, पुष्कळदा आकाश वर्षा ऋतूचेच असते. ऋतूचे नाव नव्हे, त्याची व्यक्त लक्षणे पाहावीत. ऊन पडून पित्ताची लक्षणे स्पष्ट दिसू लागली असतील तरच पितृपक्षात विरेचनाला हात घालावा. आकाश भरलेले असेल तर तिक्त घृत शमनमात्रेत देऊन थांबणे श्रेयस्कर. शिवाय क्रूर कोष्ठाच्या रुग्णाचे संसर्जन नवरात्रात शिरते. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी हे पेया-विलेपीला पर्याय नाहीत, हे आधीच स्पष्ट बोलून घ्यावे.

दुसरा पर्याय लाभपंचमीनंतरचा. आपण तो विसरतो, कारण दिवाळी संपली की मनाने हेमंतात पोहोचतो. वस्तुतः अमान्त गणनेने दिवाळी आश्विनाच्या अखेरीस येते. कार्तिक संपेपर्यंत शरदच असतो. २०२५ साली कार्तिक २० नोव्हेंबरपर्यंत होता. अर्थात फराळाने मंदावलेल्या अग्नीवर तीन दिवसांचे पाचन पुरत नाही. पाच-सात दिवस धरावेत.

वर्षातून एकदाच येणाऱ्या आपल्या आयुर्वेद दिनाचाही या वेळापत्रकाशी संबंध आहे. २०१६ पासून तो धनत्रयोदशीला साजरा होत होता. २०२५ पासून त्यासाठी २३ सप्टेंबर ही तारीख निश्चित झाली. त्या वर्षी ती नवरात्राच्या दुसऱ्या माळेला आली, धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत धन्वंतरिपूजन पूर्वीच्याच दिवशी होत राहील, यात शंका नाही. परंतु शिबिर, व्याख्यान आणि तपासणी धनत्रयोदशीच्या धांदलीतून सुटली, हा लाभ मोठा आहे. २३ सप्टेंबरच्या शिबिरात आलेल्या रुग्णाशी सणातील पथ्याविषयी चार शब्द शांतपणे बोलता येतात. धनत्रयोदशीला तो पणत्यांची पिशवी सावरीत उभा असतो.

औषधे मध्येच सुटण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. आमवाताचे, मधुमेहाचे, तमक श्वासाचे रुग्ण गणपतीला कोकणात जातात, दिवाळीला पुन्हा जातात, आणि औषधांची पुडी घरच्या फळीवर राहते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे प्रवासाची तारीख रुग्णाला दोन महिने आधी ठाऊक असते. श्रावणातल्या तपासणीत ‘तिकीट कधीचे काढले?’ असा एक प्रश्न विचारून केसपेपरच्या कोपऱ्यात तारीख लिहून ठेवली, तर जाण्यापूर्वीच्या आठवड्यात पुढची मात्रा बांधून देता येते. गावी न्यावयाच्या औषधांत काढ्याची भरड देऊ नये. परक्या चुलीवर कोणी काढा उकळीत नाही. वटी आणि आसव-अरिष्ट नेणे सोयीचे. मधुमेही रुग्णास आधुनिक औषधेही चालू असतील तर तीही बरोबर आहेत ना, हे विचारणे आपले काम नाही असे समजू नये.

श्वासाच्या रुग्णांसाठी ऑक्टोबर अखेरची मुंबईची हवा हा स्वतंत्र विषय आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने फटाक्यांची वेळ रात्री ८ ते १० अशी मर्यादित केली होती. अशा रुग्णांची पुनर्तपासणी कोजागरीच्या आसपासच व्हावी. भाजलेल्या लहान जखमांसाठी शतधौत घृत सिद्ध असावे. ते शंभर वेळा धुण्याचे काम लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी होत नाही. जखम मोठी असेल तर मात्र प्रयोग करीत बसू नये. मुलुंडकरांना ऐरोलीचा पूल ओलांडला की नॅशनल बर्न्स सेंटर आहे.

आता औषधालयाकडे वळू. ‘लवकर तयारी’ याचा अर्थ सर्व काही लवकर करणे असा घेतला तर नुकसान होते. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर हीन होते असे सांगितले आहे. वेष्टनावर छापावयाची कायदेशीर मुदत याहून मोठी असते, परंतु वीर्य मुदत वाचीत नाही. श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत दळलेले उटणे दिवाळीला पुडीतच गोळा होऊन बसते, वाळ्या-कचोऱ्याचा गंध उडालेला असतो. म्हणून वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, मंजिष्ठा यांची खरेदी मात्र आधी करावी, निवड-सफाई गणपतीनंतर करावी, आणि दळण पाऊस थांबल्यावर. ज्या ऑक्टोबरच्या उन्हाला आपण उपनगरवासी नावे ठेवतो, तेच औषधिद्रव्य सुकविण्यास सर्वोत्तम. आठ दिवस ऊन दाखवून कोजागरीच्या सुमारास चूर्ण केलेले उटणे धनत्रयोदशीला ताजे असते.

तेलाचे तसे नाही. अभ्यंगतेल श्रावणातच सिद्ध करून ठेवावे. अभ्यंगार्थ खरपाक सांगितला आहे, त्यात जलांश राहत नाही, ते टिकते. मुंबईच्या आश्विनात पित्तप्रकृतीच्या ग्राहकाला उष्ण द्रव्यांनी सिद्ध केलेले तीळतेल देण्यापेक्षा चंदन-वाळ्याने सिद्ध खोबरेल द्यावे, असे माझे मत आहे; सर्व सहव्यवसायी ते मान्य करतील असे नाही. सणानंतर लागणारे कुमारी आसव, द्राक्षासव यांचे संधान महिनाभर आधी घातलेले असावे, हे सांगावयास नकोच. प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारातील आपली खरेदी वसुबारसेपूर्वी उरकावी. पुष्कळ गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्या लाभपंचमीलाच पुन्हा उघडतात, आणि उघडल्या तरी हमाल गावाहून परतलेले नसतात.

एक गोष्ट आपल्या लेखांत क्वचितच येते. आपण पथ्य सांगतो ते खाणाऱ्याला. करणारीला कोणी विचारीत नाही. नोकरी करून सात-साडेसातच्या गाडीने मुलुंडला उतरणारी गृहिणी रात्री अकराला चकलीचा सोऱ्या हाती घेते, एकला झोपते, पाचला उठते. चार दिवसांचे हे रात्रिजागरण, तळणाचा धूर, अवेळी चहा आणि उपाशी पोट. भाऊबीजेनंतर अर्धशिशी आणि अम्लपित्त घेऊन येणाऱ्या रुग्णांत या स्त्रिया सर्वाधिक असतात, हा माझ्या चिकित्सालयाचा अनुभव आहे. तिला ‘विश्रांती घ्या’ सांगणे हा उपहास ठरतो. तिच्याशी फराळाच्या क्रमाविषयी बोलावे. चकलीची भाजणी भाजून-दळून दसऱ्यानंतर लगेच ठेवता येते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, कुटून गूळ घातला की तो गोळा काही आठवडे राहतो, किंबहुना मुरल्यावाचून अनारसा जाळी धरीत नाही. तळणाचे दोनच पदार्थ घरी, तेही सुटीच्या दिवशी सकाळी. उरलेले शेजारच्या गृहोद्योगातून. घाटकोपरच्या घरांत मठिया-चोळाफळीचे पुडे पूर्वीपासून विकतच येतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आणि हे सर्व तिला एकटीला न सांगता, शक्य तर पतीसमक्ष सांगावे. एका ज्येष्ठ वैद्यांनी मला ही रीत शिकविली; ते तर सोऱ्या फिरविण्याचे काम घरातील पुरुषाला लेखी देत असत.

फराळच वर्ज्य करा, असे सांगण्यात अर्थ नाही. शरदात तेल आणि दही वर्ज्य, लघु व तिक्त-मधुर अन्न भूक लागल्यावर घ्यावे, हा उपदेश उच्चारून टाकणे सोपे असते. नरक चतुर्दशीला पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून त्याची कडू चव जिभेला लावणारी कोकणी घरे बोरिवली-मुलुंडला अजून आहेत. बाजारात त्या दोन दिवसांत कारीट मिळते. हा तिक्त रस केवळ नावापुरता आहे हे खरे, पण रुग्णाशी बोलण्याचे ते उत्तम निमित्त आहे. दुपारच्या जेवणाऐवजी फराळ, जेवणानंतर नव्हे; एवढे एकच बंधन घातले तर बहुतेक जण ते पाळतात.

शेवटी च्यवनप्राशाविषयी. दिवाळीच्या भेटपेट्यांत तो आग्रहाने मागितला जातो. आवळा कार्तिकात दिसू लागतो, आवळीभोजन त्याच सुमारास असते, आणि तो रसवीर्याने परिपूर्ण होतो त्यानंतर. त्यामुळे दिवाळीला विकला जाणारा च्यवनप्राश गेल्या हंगामातील आवळ्याचाच असतो. अवलेहाचे वीर्य शार्ङ्गधरमते वर्षभर टिकते, तेव्हा त्यात गैर काही नाही. मात्र ‘नव्या आवळ्याचा’ अशी पाटी दुकानावर लावू नये. ग्राहकाला नवाच हवा असेल तर त्याचे नाव वहीत लिहून घ्यावे आणि पौषात निरोप द्यावा.