महिन्यातून एकदाच

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल तयार होतो. रात्री वारा फिरला की त्याचा वास घरात येतो. कुष्ठरोगाच्या औषधाच्या गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांकडे पाहताना मला मात्र रसायनापेक्षा हिशेबाचाच वास जास्त येतो.

आधी कडू कवठीच्या तेलाची सुई होती. दुखायची फार, गुण थोडा. मग चाळीसच्या दशकात डॅप्सोन आलं. गोळी स्वस्त, पण वर्षानुवर्षं, काहींना जन्मभर घ्यायची. १९५५ साली सरकारने कुष्ठरोग नियंत्रणाचा कार्यक्रम काढला तो याच गोळीच्या भरवशावर. पुढे जंतू तिला दाद देईनासे झाले. रिफॅम्पिसिन हाती आलं होतं, एका मात्रेत बहुतेक जंतू मारणारं. पण ते भारी महाग.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन ही तीन औषधं एकत्र द्यायचं ठरवलं. त्यात रिफॅम्पिसिन महिन्यातून एकदाच, तेही समोर बसवून. तेवढ्याने भागतं हे खरं, पण रोज द्यायला परवडणार नाही हेही त्या निर्णयामागे होतंच. भारतात १९७२ पासून औषधाच्या पेटंटचा फास सैल झाला होता, त्यामुळे इथल्या कंपन्या अशी औषधं बनवू शकल्या. १९९५ पासून जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या पैशातून आणि २००० पासून नोव्हार्टिसकडून ही औषधं फुकट मिळू लागली. हीच नोव्हार्टिस कर्करोगाच्या औषधाच्या पेटंटसाठी आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली आणि २०१३ साली हरली. एका हाताने दान, दुसऱ्या हाताने दावा!

डिसेंबर २००५ अखेर देशात रुग्ण दहा हजारी एकाहून कमी झाले. त्याला ‘दूरीकरण’ म्हटलं गेलं. लोकांनी ऐकलं, ‘रोग संपला’.

माझ्या ओळखीचा एक जण उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतो, अंबरनाथला कारखान्यात पॅकिंगला आहे. कुष्ठरोगाच्या गोळ्यांचं अठ्ठावीस दिवसांचं पाकीट त्याला फुकट मिळतं. घरी आलं की गोळ्या सोडवून तो जुन्या बामच्या डबीत भरतो, पाकीट फाडून टाकतो. रिफॅम्पिसिनच्या दिवशी लघवी लाल होते, ते कुणाला दिसत नाही. पण क्लोफाझिमिनने चेहरा काळवंडलाय, ते सगळ्यांना दिसतं. “उन्हाने,” म्हणतो. पाकीट आणायच्या दिवशी खाडा पडतो, त्या दिवसाची मजुरी जाते. सुपरवायझरला सांगतो, रेशनचं काम आहे.