जुन्या बंदुकीचा पाठ : विलायती दुनळी आणि तिची पेटी यांच्या जतनाविषयी



साहित्य सभेच्या व्यासपीठावर बंदुकीवर व्याख्यान, हे ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार, बडोदे अशा संस्थानांतल्या जुन्या मराठी घरांत चामड्याची एखादी लांबट, चपटी पेटी माळ्यावर किंवा पलंगाखाली आजही सापडते. तिच्यात आजोबा-पणजोबांची विलायती दुनळी असते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले, आणि ते संपले हे बरेच झाले. बंदूक मात्र राहिली. तिचे आता करायचे काय, असा प्रश्न निघाला की घरात बहुधा एकच उत्तर येते : चकचकीत करून घेऊ. हे उत्तर का चुकते आणि खरी दुरुस्ती कशाला म्हणतात, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आमच्या नात्यातल्या एका घरी अशी 'नवी केलेली' दुनळी मी पाहिली. नळ्या यंत्रावर घासून आरशासारख्या केल्या होत्या. दस्त्यावर फर्निचरचे जाड वार्निश होते. पेटीतली जुनी बनात काढून जांभळे मखमल लावले होते, आणि त्या भरात झाकणाच्या आतला छापील कागदही फाडून टाकला होता. सगळे मोठ्या प्रेमाने केलेले. पण ती बंदूक कोणी बनवली, कधी बनवली, तिच्यात कोणते काडतूस चालते, यांतले काहीही सांगू शकेल अशी एकही खूण तिच्यावर उरली नव्हती.

कारण जुनी बंदूक ही वाचायची वस्तू आहे. नळ्या काढून उलट्या केल्या की खालच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतात. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम येथे बंदुकांची परीक्षा घेणारी दोन प्रूफ हाउसे आहेत. बर्मिंगहॅमचे १८१३मध्ये कायद्याने स्थापन झाले. नेहमीपेक्षा जड बार उडवून नळी टिकली तरच ठसा मिळतो. 'नॉट फॉर बॉल' अशी अक्षरे असतील तर ती बंदूक साधारण १८७५ ते १८८७ या काळातली. 'नायट्रो प्रूफ' अशी नोंद नसेल तर ती बहुधा फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली आहे, आणि तिच्यात आजचे काडतूस घालणे म्हणजे जिवाशी खेळ. पेटीतला कागदही असाच बोलतो. त्यावर दुकानाचा पत्ता असतो आणि दुकाने जागा बदलत. लंडनच्या पर्डी यांचे दुकान १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून साउथ ऑडली स्ट्रीटवर गेले. तेव्हा पत्त्यावरून पेटीचा काळ कळतो. बंदुकीवर क्रमांक असतो, आणि काही जुन्या कंपन्यांच्या वह्या अजून शाबूत असल्याने त्या क्रमांकावरून पहिल्या गिऱ्हाइकाचे नावही सापडू शकते.

आपल्याला हा विचार परका नाही. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती कशासाठी? लोकांनी भक्तिभावानेच मधे घातलेले शब्द काढून मूळ पाठ हाती यावा म्हणून. दुरुस्ती करणारा कारागीर हा असा संपादक असतो. झिजलेले अक्षर त्याने जपावे; त्यावर स्वतःचे अक्षर काढू नये.

आता एकेक भाग पाहू.

पहिल्या अर्थात नळ्या. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ नळ्या 'दमास्कस' असतात. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र तापवून पिळायच्या, तो पीळ गजाभोवती वेटोळ्याने गुंडाळायचा आणि घणाने ठोकून एकजीव करायचा, अशी ती रीत. बेल्जियममधल्या लिएजच्या परिसरात अशा नळ्यांचा मोठा धंदा होता. तेलंगणातल्या कोनासमुद्रमचे जे पोलाद प्रसिद्ध आहे ते मुशीत वितळवून केलेले. त्याची लहर वेगळ्या कारणाने उमटते, आणि या नळ्यांचा त्याच्याशी नावापुरताच संबंध आहे. या नळ्यांना यंत्राने घासले की वरचा तपकिरी थर जातो, नक्षी पुसते, आणि मुख्य म्हणजे धातू कमी होतो. नळीची भिंत सर्वांत पातळ जागी इंचाच्या वीस हजारांश भागापेक्षा, म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा, कमी नसावी असा जाणकारांचा दंडक आहे. शंभर वर्षांच्या गंजाने आणि साफसफाईने ती आधीच पातळ झालेली असते. तिला आणखी घासणारा माणूस पुढच्या बार उडवणाराचा हात धोक्यात घालतो. ब्रिटनमध्ये आतली पोकळी ठरावीक मर्यादेपलीकडे वाढली तर पुन्हा परीक्षा झाल्याशिवाय बंदूक विकता येत नाही, ते याचसाठी.

दोन नळ्या एकमेकींना व मधल्या पट्टीला मऊ डाखाने जोडलेल्या असतात. नळ्या दोरीला टांगून बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारावी. घंटेसारखा नाद घुमला तर डाख शाबूत. बद्द आवाज आला तर कुठेतरी सुटला आहे. म्हणूनच हल्लीच्या बंदुकांना काळा रंग देण्याची उकळत्या क्षाराची पद्धत इथे चालत नाही. तो क्षार डाखच खातो. जुनी रीत संथ आहे. नळी तेलविरहित करायची, गंज आणणारे पातळ द्रावण लावायचे, दमट जागी ठेवायची, आलेला बारीक गंज तारेच्या मऊ कुंच्याने उतरवायचा, आणि हेच पुन्हा पुन्हा, कधी आठ-दहा वेळा. दर वेळी रंग थोडा गडद होतो आणि पोलाद-लोखंडाची नक्षी उठून दिसते. पण हेही थर खरोखर गेला असेल तरच करायचे. नुसता जुनाट तपकिरीपणा हा दोष नव्हे.

दुसरा भाग यंत्र. इथे सर्वांत जास्त नासधूस साध्या पेचकसाने होते. चांगल्या विलायती बंदुकीच्या स्क्रूची खाच केसासारखी बारीक असते. जाणता कारागीर त्या खाचेबरहुकूम पेचकसाचे टोक घासून घेतो. बाजारी पेचकस घसरला की खाच फाटते आणि बाजूच्या नक्षीवर ओरखडा जातो. तो कायमचा. घरी यंत्र उघडूच नये.

तिसरा दस्ता. तो अक्रोडाचा. त्याला वार्निश नको, जवसाचे तेल हवे : तळहाताने, थेंबाथेंबाने, दिवसामागून दिवस. तांबूस झाक आणण्यासाठी इंग्रज कारागीर अल्कनेटचे मूळ तेलात भिजवत. आपल्या स्वयंपाकघरातले रतनजोत हे त्याच कुळातले. दबलेल्या खड्ड्यावर ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली की लाकडाचे तंतू फुगून वर येतात. घासण्याची गरज पडत नाही. नळीतले तेल वर्षानुवर्षे झिरपून दस्त्याचे तोंड काळे व भुसभुशीत झालेले असते. ते खडूच्या पुडीने हळूहळू शोषून घेतात. पुढे तसे होऊ नये म्हणून बंदूक नळीचे तोंड खाली करून उभी ठेवावी.

आणि शेवटी पेटी, जिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. उत्तम पेटीचा सांगाडा ओकच्या लाकडाचा, वर चामडे, कोपऱ्यांना पितळ, आत लाल किंवा हिरवी बनात, आणि नळ्या, दस्ता, सळई, तेलाची कुपी यांचे ठरलेले खण. तिचे शत्रू तीन : कसर, बुरशी आणि मालकाचा उत्साह. बनात लोकरीची असल्याने कसर तिला खाते. मऊ कुंच्याने झाडावी, आणि जिथे भोक पडले तिथेच जुळत्या बनातीचे ठिगळ सरसाने लावावे. सरस निवडायचा कारण तो पाण्याने पुन्हा सोडवता येतो. उद्याच्या कारागिराला आपली चूक सुधारता आली पाहिजे. जुने चामडे कधी लाल भुकटी होऊन बोटांना लागते. त्यावर तेल चोपडले तर ते काळे पडते आणि बरे काही होत नाही. त्याला स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या सेल्युलोजच्या द्रव्याने बांधून घ्यावे लागते, आणि ते जाणकाराचे काम.

एक गोष्ट मात्र आज घरी जाऊन प्रत्येकाने करावी. बंदूक त्या पेटीत कायमची ठेवू नये. पेटी प्रवासासाठी होती. ओकमधून आम्लाची वाफ निघत राहते, चामड्यातही आम्ल असते, बनात पावसाळ्यातली ओल धरून ठेवते. बंद झाकणाखाली पोलाद गंजते. पेटी वेगळी, बंदूक कोरड्या कुलूपबंद कपाटात, वर तेलाचा पुसट हात, हे पुरे.

कायद्याचेही दोन शब्द. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बाळगायला परवाना लागतोच, शिवाय तिची दुरुस्ती धंदा म्हणून करणारालाही लागतो. २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली, आणि वारशाने आलेली बंदूकही त्या दोनांतच धरली जाते. त्यामुळे कोणती ठेवायची, हा निर्णय अनेक घरांना घ्यावा लागला आहे. तो घेण्यापूर्वी ठसे, क्रमांक, पेटीतला कागद यांची नोंद आणि छायाचित्रे करून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना ती कोणी आणली, कोणाकडून आली हे विचारून लिहून घ्या. बंदूक घराबाहेर गेली तरी तिचा पाठ घरात राहील. आणि राहिली तर पुढच्या कारागिराला काय पुसायचे नाही ते कळेल.