जॉर्डन नियम (बास्केटबॉल)

जॉर्डन नियम हे अमेरिकेतील एनबीए स्पर्धेत डेट्रॉइट पिस्टन्स संघाने शिकागो बुल्सचा खेळाडू मायकेल जॉर्डन याला रोखण्यासाठी वापरलेल्या बचावतंत्राचे नाव आहे. एका असामान्य खेळाडूवर विसंबणारा संघ आणि पाचही खेळाडूंनी मिळून आक्रमण करणारा संघ यांच्याविरुद्धच्या बचावातील फरक या उदाहरणातून स्पष्ट होतो.

पार्श्वभूमी

३ एप्रिल १९८८ रोजी जॉर्डनने पिस्टन्सविरुद्ध ५९ गुण मिळवले. त्यानंतर प्रशिक्षक चक डेली यांच्या मार्गदर्शनाखाली हे तंत्र आकारास आले.

स्वरूप

जॉर्डनला अडवण्याची मुख्य जबाबदारी जो डुमार्सकडे असे. डेनिस रॉडमनही ती सांभाळी. जॉर्डन बास्केटसमोर दूर उभा असल्यास त्याला डावीकडे वळण्यास भाग पाडले जाई आणि दुसरा बचावपटू त्याच्यावर धावून जाई. तरीही तो आत घुसलाच, तर त्याला अंगाने अडवले जाई. प्रसंगी फाउलही पत्करला जाई.

दोन बचावपटू एकावर गेले की उरलेल्या तिघांना चार प्रतिस्पर्धी सांभाळावे लागतात, म्हणजे कोणीतरी मोकळा राहतोच. त्या काळी एनबीएत क्षेत्र-बचावास मनाई असल्याने मोक्याची जागा आधीच अडवून ठेवता येत नसे. योग्य क्षणी धावून जाणे आणि तितक्याच त्वरेने परतणे आवश्यक होते. जॉर्डनचे सहकारी मोकळ्या जागेचा पुरेसा लाभ घेऊ शकणार नाहीत, हे या डावपेचामागील गृहीतक होते.

परिणाम

पिस्टन्सने १९८८, १९८९ आणि १९९० अशी सलग तीन वर्षे बाद फेरीत बुल्सला पराभूत केले. १९८९ मध्ये फिल जॅक्सन बुल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांनी सहायक प्रशिक्षक टेक्स विंटर यांची त्रिकोणी आक्रमणपद्धती स्वीकारली. तीत खेळाडू ठरावीक अंतर राखून उभे राहतात आणि बचावाची हालचाल पाहून चेंडू पुढे देतात. त्यामुळे जॉर्डनभोवती बचाव गोळा होताच इतरांना संधी मिळू लागली. १९९१ मध्ये बुल्सने पिस्टन्सला ४–० असे हरवले आणि अंतिम फेरीत लॉस एंजेलस लेकर्सवर ४–१ असा विजय मिळवून पहिले विजेतेपद पटकावले. निर्णायक सामन्यात जॉन पॅक्सनने २० गुण केले.

महत्त्व

एकखांबी आक्रमणाविरुद्ध दुहेरी बचाव प्रभावी ठरतो. मात्र चेंडू वेगाने फिरवणाऱ्या संघापुढे तोच बचाव विस्कळीत होतो. अशा संघाविरुद्ध प्रत्येकाने आपापला प्रतिस्पर्धी सांभाळणे आणि सतत बोलून परस्परांना सावध करणे अधिक उपयुक्त ठरते.