मटाटूचा रोजचा हिशेब

३ डिसेंबर २०१८ रोजी केनियाची राजधानी नैरोबीचे गव्हर्नर माइक सोन्को यांनी शहराच्या मध्यभागात मटाटूंना बंदी केली. कोंडी फोडायची म्हणून. त्या सकाळी हजारो माणसे शहराच्या उंबरठ्यावर उतरवली गेली आणि तिथून कामाच्या जागेपर्यंत चालत निघाली. वयस्कर माणसे, गरोदर बायका, सगळेच. ओरड एवढी झाली, की बंदी लगेच मागे घ्यावी लागली. सुमारे ४४ लाख वस्तीचे हे शहर कोणाच्या जिवावर चालते, ते एका सकाळीत उघड झाले.

मटाटू म्हणजे खासगी मालकीची, ठरलेल्या मार्गावर धावणारी गाडी. चौदा जणांची व्हॅन असेल किंवा तेहतीस आसनांची बस. आपल्याकडच्या वडापचीच ही भावंडे, फक्त इथे अख्ख्या राजधानीचा भार त्यांच्यावर आहे. काचेवर मार्गाचा क्रमांक असतो: ४६ कावांग्वारेला, १११ न्गाँगला, १२५ रोंगाईला. दारात लोंबकळणारा वाहक, म्हणजे मकांगा, ठिकाण आणि भाडे ओरडत असतो. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. पैसे गाडी चालू लागल्यावर गोळा होतात, हल्ली बरेचदा मोबाइलवरच्या एम-पेसा सेवेतून. संध्याकाळी गर्दी झाली किंवा पाऊस आला, की त्याच अंतराचे भाडे चढते. रोजचा प्रवासी आभाळाकडे बघूनच पैशांचा अंदाज बांधतो.

हे सारे कोणी आखलेले नाही. १९३४ पासून शहरात केनिया बस सर्व्हिस होती. १९६६मध्ये महापालिकेने तिच्यात चौथाई हिस्सा घेतला आणि बदल्यात शहरातला एकाधिकार तिला दिला. स्वातंत्र्यानंतर खेड्यांतून माणसे लोटली, वस्त्या पसरत गेल्या आणि बस तिथवर पोचेना. ती पोकळी बेकायदा मटाटूंनी भरली. १९७३मध्ये राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी त्यांना विनापरवाना चालायला मुभा दिली. बस कंपनी पुढे ब्रिटिश ‘स्टेजकोच’च्या हाती गेली, तीही १९९८मध्ये बाहेर पडली. रस्ता मटाटूंचा झाला.

या गाड्यांबद्दलची बहुतेक तक्रार, म्हणजे वेग, कोंबाकोंबी, मध्येच थांबणे, चालकाच्या स्वभावापाशी येऊन संपते. मला ते अपुरे वाटते. मूळ आहे रोजच्या हिशेबात. मालकाला संध्याकाळी ठरलेली रक्कम द्यायची. त्याआधी इंधन, थांब्यावरच्या पोरांचे पैसे, वाटेत पोलिसाच्या हातावर ठेवायचे ते वेगळे. उरेल ते चालक आणि मकांगाचे. एक फेरी जास्त झाली तर घरी काहीतरी जाते, एक कमी झाली तर दिवस फुकट. अशा माणसाला सावकाश चालव म्हणणे म्हणजे पोटावर पाय देणे.

सरकारचा भर मात्र वरवर दिसणाऱ्या गोष्टींवर राहिला. वाहतूकमंत्री जॉन मिचुकी यांचे नियम फेब्रुवारी २००४पासून लागू झाले: आसनपट्टे, ताशी ८० किलोमीटरला अडवणारे यंत्र, गाडीला पिवळा पट्टा, चालक-वाहकांना गणवेश. सुरुवातीला शिस्त दिसली, मग पकड ढिली पडली. गाड्यांवरची रंगीबेरंगी चित्रेही त्या नियमांत गेली. ती २०१४मध्ये पुन्हा अधिकृतपणे परतली. आज तरुण मुले नटवलेल्या ‘न्गान्या’साठी साधी गाडी सोडून देतात.

याउलट ज्यांनी गाडीतल्या माणसांकडून सुरुवात केली, त्यांच्या हाती काही लागले. अख्ख्या जाळ्याचा नकाशा कुठल्याही कचेरीत नव्हता. नैरोबी विद्यापीठ, एमआयटी आणि कोलंबिया विद्यापीठाच्या ‘डिजिटल मटाटूज’ प्रकल्पात विद्यार्थी मोबाइल घेऊन गाड्यांत बसले, थांबे नोंदवत हिंडले. २०१४च्या जानेवारीत १३०हून अधिक मार्गांचा नकाशा छापून आला. जवळजवळ सगळे मार्ग मध्यभागातच येऊन मिळतात हे त्यावर स्पष्ट दिसते. पूर्वेकडून पश्चिमेला जाणाऱ्याला बहुतेकदा तिथे उतरून गाडी बदलावी लागते. सोन्को यांची बंदी त्याच गाठीवर पडली होती.

दुसरे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. २००८च्या सुमारास जेम्स हाब्यारिमाना आणि विल्यम जॅक या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी लांब पल्ल्याच्या मटाटूंत आतल्या बाजूने स्टिकर लावले. संदेश चालकाला नव्हता, प्रवाशाला होता: गाडी बेफाम चालली तर गप्प बसू नका, बोला. स्टिकर काढून टाकू नये म्हणून चालकांसाठी सोडत ठेवली. कोणत्या गाडीत स्टिकर लावायचा ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते, त्यामुळे तुलना चोख झाली. स्टिकर असलेल्या गाड्यांचे विम्याचे दावे निम्म्याने ते दोन-तृतीयांशाने घटले. पुढे मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगात घट कमी दिसली, पण दिसली. ना नवा कायदा, ना नवे यंत्र. एकट्या माणसाची चालकाला टोकण्याची हिंमत होत नाही. कागदाच्या तुकड्याने त्याला चारचौघांची साथ मिळवून दिली.

बाईने असे बोलणे मात्र सोपे नाही. नोव्हेंबर २०१४मध्ये मटाटूच्या थांब्यावर एका तरुणीचे कपडे भर गर्दीत फाडले गेले आणि ‘माय ड्रेस, माय चॉइस’ म्हणत नैरोबीच्या बायका रस्त्यावर उतरल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस असे कृत्य कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरले. ‘फ्लोन इनिशिएटिव्ह’ ही संस्था चालक-वाहकांनाच बसवून प्रशिक्षण देते आणि स्त्रियांनीही या धंद्यात यावे म्हणून झटते.

आता मोठ्या बससाठी राखीव मार्गिका बांधायच्या आहेत. त्यासाठी २०१७मध्ये नैरोबी महानगर वाहतूक प्राधिकरण स्थापन झाले, थिका रस्त्यावर काम सुरू होऊन रखडले. मार्गिका कधीतरी होतील. त्यांच्यावर धावणाऱ्या बसचा चालक महिन्याचा पगार घेणार की संध्याकाळी मालकाची रक्कम मोजून देणार, हे आधी ठरायला हवे.