व्हायरल लोड आटोक्यात, सिगारेट मात्र चालूच

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका कशाचा, असं विचारलं तर बहुतेक जण विषाणूचंच नाव घेतील. नियमित गोळ्या घेणाऱ्या आणि सोबत सिगारेट-बिडी ओढणाऱ्याच्या बाबतीत हे उत्तर चुकतं. उपचार चांगले मिळणाऱ्या डेन्मार्कमधल्या एचआयव्हीबाधितांचा देशव्यापी अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपानामुळे आयुष्य १२.३ वर्षांनी घटत होतं, एचआयव्हीमुळे ५.१ वर्षांनी. आपल्याकडेही २००४पासून सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, मोफत मिळते. वर्षानुवर्षं एकही डोस न चुकवणारी माणसं केंद्रातून बाहेर पडल्यावर टपरीवर थांबतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘रिपोर्टमध्ये व्हायरस सापडला नाही, म्हणजे आता आतून सगळं ठीक.’

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज हाच. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ या रोगप्रतिकारक पेशी मोठ्या प्रमाणात मारतो. अस्तर कमकुवत होतं आणि आतड्यातल्या जंतूंचे अंश रक्तात झिरपू लागतात. पुढे औषधांनी विषाणू दबला तरी हे नुकसान पूर्ण भरून येत नाही. रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पेशी त्यामुळे कायम चेतवलेल्या राहतात. हा मंद दाह. ताप नाही, सूज नाही, दुखणं नाही. पण याच पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात, तिथली चरबी गिळून फुगतात आणि भिंतीत थर साचत जातो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयविकाराचा झटका येतो. एचआयव्ही असलेल्यांना हा धोका इतरांच्या साधारण दीड ते दोन पट असतो. सिगारेटचा धूर या पेशींना आणखी चेतवतो आणि रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्तीही वाढवतो.

यावरून कुणी ‘मग गोळ्यांचा उपयोग काय’ असा अर्थ काढू नये. मध्येच औषध थांबवलं तर काय होतं, हे ‘स्मार्ट’ नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २००६मध्ये दिसलं: मृत्यू वाढले आणि हृदयविकारही वाढला. दाह जितका कमी झाला आहे, तो गोळ्यांमुळेच.

‘ई-सिगारेटमध्ये नुसती वाफ असते.’

ती पाण्याची वाफ नव्हे. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्यं आणि बहुधा निकोटिन यांचं मिश्रण तापलेल्या तारेवर जातं आणि त्याचे सूक्ष्म थेंब छातीत ओढले जातात. तार फार तापली की फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनं तयार होतात, तारेतले निकेल आणि क्रोमियम हे धातूही थेंबांत उतरतात. निकोटिननं नाडी आणि रक्तदाब वाढतो तो वेगळाच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. यात तंबाखू जळत नाही, त्यामुळे सिगारेटच्या धुरातली कितीतरी विषं इथे फार कमी असतात. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडण्यासाठी ई-सिगारेटचा सल्लाही दिला जातो. पण तो सिगारेट पूर्ण बंद करणाऱ्यासाठी आहे. प्रत्यक्षात बरेच जण दोन्ही ओढतात, घरात ही आणि बाहेर ती. अमेरिकेतल्या सात हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त ई-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा काहीच न ओढणाऱ्यांइतक्याच होत्या. दोन्ही ओढणाऱ्यांच्या खुणा निव्वळ सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा जराही कमी नव्हत्या. हा अभ्यास सर्वसाधारण लोकांचा होता. ज्याच्या अंगात आधीच दाह मुरलेला आहे, त्याला ही दुहेरी सवय मुळीच परवडणारी नाही.

शिवाय भारतात २०१९च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. म्हणजे चोरून मिळणाऱ्या कुपीत काय भरलंय, हे तपासणारं कुणी नाही.

‘एआरटी चालू असताना निकोटिनचा च्युइंगम किंवा पॅच चालत नाही.’

चालतो. एआरटीच्या गोळ्यांशी त्याचं वाकडं नाही. व्हॅरेनिक्लिन या गोळीचीही फ्रान्समध्ये एचआयव्हीबाधितांवर चाचणी झाली आणि सिगारेट सोडायला तिची मदत झाली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यायची. च्युइंगमचा उपयोग होत नाही अशी तक्रार असते, तिचं कारण बहुतेक वेळा चघळण्याची पद्धत. सावकाश चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चावायचा. भराभर चावला तर निकोटिन पोटात जातं, मळमळतं आणि तलफही जात नाही. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, त्यानं निकोटिन नीट शोषलं जात नाही.

तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात, तिथे एचआयव्हीबद्दल सांगायची सक्ती नाही. एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना मात्र सिगारेट, बिडी, वेप, जे असेल ते सगळं सांगावं आणि वयाची चाळिशी ओलांडली असेल तर स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांबद्दलही विचारावं. भारतासह १२ देशांत झालेल्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीत पिटाव्हास्टॅटिन घेणाऱ्या एचआयव्हीबाधितांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यासारख्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२३मध्ये दिसून आलं.